आकाशातले मालक, पृथ्वीवरचे गुमास्ते

गेल्या उन्हाळ्यात एका जिल्ह्याच्या गावी भरलेल्या विद्यार्थी शिबिरात जाण्याचा योग आला. सायंकाळच्या सत्रात 'प्राचीन भारतातील विज्ञान' या विषयावर भाषण होते. वक्ते ओघवते बोलणारे होते. विमाने, अस्त्रे, वेरूळचे कैलास लेणे असा प्रवास करीत ते टाळ्या घेत होते. प्रश्नोत्तरांच्या वेळी आठवीतला एक मुलगा उभा राहिला आणि त्याने सरळ विचारले, "सर, म्हणजे पुष्पक विमान परग्रहावरच्या लोकांनी दिलं होतं का? मी व्हिडिओ पाहिलाय." वक्ते हसले आणि म्हणाले, "असू शकतं बाळा. परदेशातले मोठेमोठे संशोधकही आता तसंच म्हणतात." पुन्हा टाळ्या पडल्या. मुलगा खाली बसला. मी मात्र अस्वस्थ झालो आणि ती अस्वस्थता अद्याप गेलेली नाही.

ज्या वक्त्यांना आपल्या पूर्वजांचे कर्तृत्व सांगायचे होते, त्यांनी दोन वाक्यांत ते सारे कर्तृत्व आकाशातून आलेल्या कुणा अनोळखी पाहुण्यांच्या नावावर करून टाकले. तेही परदेशी संशोधकांचे प्रमाणपत्र जोडून. सभागृहात कुणालाही त्यात काही वावगे वाटले नाही.

ही कल्पना लोकप्रिय केली ती एरिक फॉन डानिकेन या स्विस लेखकाने. हॉटेलच्या व्यवस्थापकाची नोकरी करीत असतानाच त्याने लिहिलेले पुस्तक १९६८ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाले आणि पाहता पाहता जगभर गेले. प्राचीन मानव ज्यांना देव म्हणत होता ते वस्तुतः अंतराळवीर होते, पिरॅमिड, पेरूतील नाझ्काच्या रेषा, ईस्टर बेटावरील पुतळे ही सारी त्यांचीच किमया, असा त्याचा दावा होता. महाभारतातील अस्त्रांच्या वर्णनांत त्याला अण्वस्त्रे दिसली. आम्ही शाळकरी वयाचे असताना गावातील वाचनालयात डानिकेनवरचे पुस्तक मिळण्यासाठी नंबर लावावा लागे. मीही ते अधाशासारखे वाचले होते. त्यात आपल्या महाभारताचा उल्लेख आहे म्हणून वडिलांना मोठ्या अभिमानाने दाखवलेही होते. वडिलांनी पाने चाळली आणि एवढेच विचारले, "मग यात आपल्या माणसांनी काय केलं?" तेव्हा मला तो प्रश्न अरसिकपणाचा वाटला होता.

त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात दगडावर लिहिलेले आहे. २०१० पासून चालत आलेल्या 'एन्शन्ट एलियन्स' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेने आणि तिच्या पठडीतील असंख्य व्हिडिओंनी वेरूळच्या कैलास मंदिराला परग्रहवासीयांच्या खाती जमा केले आहे. एवढा अखंड डोंगर वरून खाली कोरणे मानवाला शक्यच नव्हते, असे त्यांचे म्हणणे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, म्हणजे आठव्या शतकात, हे काम झाले. छिन्नीचे घाव आजही तेथील भिंतींवर दिसतात. लेणे कसे खोदत असत हे पाहायचे असेल तर अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे अपूर्ण राहिलेले लेणे पाहावे. आधी छत, मग खाली खाली, खांबांपुरता दगड राखून बाकीचा काढून टाकायचा, ही सारी रीत तेथे अर्ध्यावर थांबलेली दिसते. परग्रहावरील प्रगत यंत्रे असती, तर त्यांनी काम अर्धवट का टाकले असते? निधी आटणे, आश्रयदाता राजा जाणे, कारागीर पांगणे, ही माणसांच्या कामांची लक्षणे आहेत.

याहून बोलका पुरावा ताम्रपटाचा आहे. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतील कर्क राजाचा, इ. स. ८१२ च्या सुमाराचा बडोद्याचा ताम्रपट प्रसिद्ध आहे. त्यात कृष्णराजाने एलापुरात, म्हणजे वेरूळला, बांधवलेल्या देवालयाचे वर्णन येते. विमानांतून आकाशमार्गे जाणारे देव ते मंदिर पाहून विस्मित झाले, हे मानवाने केलेले नसावे असे त्यांना वाटले, आणि ज्या शिल्पकाराने ते घडवले तोही हे आपल्या हातून कसे झाले म्हणून थक्क झाला, असा त्याचा आशय आहे. वाचकांनी क्षणभर थांबून या कल्पनेची दिशा पाहावी. विमानात देव आहेत, पण ते प्रेक्षक आहेत. काम खाली माणूस करतो आहे आणि आश्चर्य वर देव करीत आहेत. बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या प्रशस्तिकाराला जो आत्मविश्वास होता, तो आमच्या शिबिरातील वक्त्यांपाशी नव्हता. मराठी 'कथाकल्पतरू'त पैठणच्या कोकस नावाच्या स्थपतीची कथा येते. राणीचा नवस वेळेत पुरा व्हावा म्हणून त्याने कळसापासून खाली मंदिर कोरायला घेतले. ती दंतकथाच, पण तिनेही श्रेय दिले ते पैठणच्या माणसाला.

विमानशास्त्राविषयीही एकदा स्पष्ट बोलले पाहिजे. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चे दाखले सर्रास दिले जातात, त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ सालीच केली. ग्रंथ पंडित सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी सांगितलेला आहे, त्यातील याने उडू शकणारी नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हे पाचजण हिंदुद्वेष्टे होते काय? त्यांपैकी एक होते डॉ. एच. आर. नागेंद्र, जे पुढे स्वामी विवेकानंदांच्या नावाच्या योग विद्यापीठाचे कुलपती झाले आणि ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. योगावर आयुष्य ओवाळून टाकणाऱ्या माणसाला खोटे विमान नाकारताना संकोच वाटला नाही. आपल्याला का वाटावा?

येथवर जे लिहिले ते डानिकेनसारख्यांविषयी, जे कल्पनेला इतिहास म्हणून विकतात. परंतु कल्पनेला कल्पना म्हणूनच मांडणारी एक विज्ञानकथांची परंपराही पाश्चात्त्य देशांत आहे, आणि अतिप्राचीन, देवतुल्य परग्रहवासी व त्यांच्या वतीने पृथ्वीवर कामे करणारी मर्त्य माणसे हा तिचा आवडता विषय आहे. आपल्याकडे या वाङ्मयाकडे पोरकट म्हणून पाहिले जाते. माझाही तोच समज होता. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागे तेवढाच माझा त्याच्याशी संबंध. मोठ्या भावाच्या मुलाने, जो पुण्यात संगणक क्षेत्रात आहे, दोन पावसाळ्यांपूर्वी मला आग्रहाने बसवून जुन्या मालिका दाखवल्या आणि माझे मत बदलले. या कथाकारांनी जो प्रश्न विचारला, तो डानिकेनच्या लाखो वाचकांना सुचलाच नाही. आकाशातला मालक थोर असेलही, पण त्याच्या गुमास्त्याचे काय?

या कल्पनेचे एक मूळ आपल्या मुंबईपर्यंत येते, हे कुतूहलाचे आहे. मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑलकॉट १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले आणि थिऑसॉफिकल सोसायटीचे मासिक त्याच वर्षी तेथून निघू लागले. हिमालयापलीकडील अदृश्य महात्मे, त्यांची गूढरीत्या प्रकट होणारी पत्रे, आणि ती पत्रे जगाला पोचवणारे निवडक शिष्य, असा तो सगळा प्रकार होता. पत्रांच्या सत्यतेबद्दल १८८५ साली लंडनहून प्रतिकूल अहवाल प्रसिद्ध झाला, ती कथा निराळी. परंतु एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकाराच्या १९२८ सालच्या प्रसिद्ध कथेच्या आरंभीच थिऑसॉफिस्टांचा उल्लेख येतो. मानवाच्या आधी पृथ्वीवर आलेल्या, अद्याप निद्रिस्त असलेल्या शक्ती आणि त्यांचे छुपे उपासक ही त्याची कल्पना. महात्म्यांची जागा राक्षसांनी घेतली, गुमास्ते तेच राहिले.

तीसच्या दशकात ई. ई. स्मिथ या लेखकाने, जो पोटासाठी डोनटच्या पिठाची मिश्रणे तयार करणारा रसायनतज्ज्ञ होता, 'लेन्समन' कथांची माला लिहिली. त्यात एरिशियन हे सज्जन आणि एडोरियन हे दुष्ट अशा दोन पुरातन जमाती आहेत. सज्जन जमात शतकानुशतके मानवी वंशांची निवड करून हवे तसे वीर 'पैदा' करते. त्या काळच्या अमेरिकेला यात काही खटकले नाही. आज वाचताना मात्र अंगावर काटा येतो, कारण ज्या वीराला आपण स्वतंत्र समजतो तो एका गोठ्यातील उत्तम पैदास ठरतो. आर्थर क्लार्क यांनी, जे १९५६ पासून अखेरपर्यंत श्रीलंकेत राहिले, १९५३ सालच्या आपल्या कादंबरीत याच्या पुढचे पाऊल टाकले. त्यातील परग्रहवासी पृथ्वीवर शांतता आणतात, पण पन्नास वर्षे तोंड दाखवत नाहीत. दाखवतात तेव्हा कळते की ते शिंगे-शेपटी असलेले, ख्रिस्ती कल्पनेतील सैतानासारखे आहेत. खरी मेख अशी की तेही मालक नव्हेत. तेही कुणा अधिक मोठ्या शक्तीचे नोकर आहेत आणि ज्या उन्नतीकडे ते मानवाच्या मुलांना नेतात, ती त्यांच्या स्वतःच्या नशिबी नाही. असा केविलवाणा गुमास्ता मी इतर वाङ्मयात फारसा पाहिलेला नाही.

पुतण्याने दाखवलेली मुख्य मालिका होती 'बॅबिलॉन ५'. जे. मायकेल स्ट्रझिन्स्की या लेखकाने रचलेली ही कथा अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात पाच वर्षे चालली. हा गृहस्थ स्वतः निरीश्वरवादी आहे, तरी श्रद्धेची टवाळी त्याने केली नाही. एका अंतराळ स्थानकात अनेक जमातींचे राजदूत राहतात. त्यांच्या वर दोन आदिम जमाती आहेत, व्हॉर्लन आणि शॅडो. व्हॉर्लन शिस्त व आज्ञापालन शिकवतात, शॅडो संघर्षातूनच प्रगती होते म्हणतात, आणि दोघेही धाकट्या जमातींना आपापल्या बाजूने झुंजवतात. व्हॉर्लन नेहमी चिलखतात असतो. १९९५ च्या एका भागात नायकाचे प्राण वाचवण्यासाठी तो चिलखताबाहेर येतो, आणि खाली जमलेल्या प्रत्येक जमातीला त्या तेजःपुंज आकृतीत आपापला देवदूत दिसतो. सारे हात जोडतात. मग उमगते की व्हॉर्लनांनीच फार पूर्वी या जमातींच्या मनात ती प्रतिमा पेरून ठेवली होती, योग्य वेळी आदर मिळावा म्हणून.

त्या गर्दीत एकालाच काही दिसत नाही. तो आहे सेंटॉरी साम्राज्याचा राजदूत लॉन्डो मोलारी. आपल्या वाचकांनी ज्याच्यासाठी ही मालिका पाहावी असे पात्र मला विचाराल तर ते हेच. एके काळी त्याच्या राष्ट्राने अर्धी आकाशगंगा गाजवली, आता केवळ दरबारी थाट उरला आहे आणि ते शल्य त्याच्या काळजात आहे. मॉर्डन नावाचा एक सुटाबुटातला, हसतमुख माणूस राजदूतांकडे जाऊन प्रत्येकाला तुम्हाला काय हवे आहे असे विचारतो. तो शॅडोंचा मर्त्य हस्तक. लॉन्डो आधी टाळतो आणि मग एकदम उसळून आपल्या राष्ट्राचे गतवैभव परत मागतो. त्या क्षणी तो मला परका वाटला नाही. गतवैभवाचे दुःख काय असते हे आपल्याला शिकवायला नको. दुःख खरे होते, मागणीही खोटी नव्हती. किंमत मात्र त्याने विचारली नाही. मॉर्डनचे मालक त्याच्या शत्रूंची ठाणी रातोरात नष्ट करू लागतात, लॉन्डोचे नाव होते, आणि अखेर शेजारच्या नार्न जगावर उल्कापाषाणांचा वर्षाव होताना तो जहाजाच्या खिडकीतून गोठलेल्या चेहऱ्याने पाहत उभा राहतो. पुढे तो मॉर्डनचा शिरच्छेद करवतो, पण वेळ निघून गेलेली असते. सिंहासन मिळते ते खांद्यावर बसलेल्या, मनाचा ताबा घेणाऱ्या एका जीवासह. उसन्या सामर्थ्यावर परत आणलेले वैभव कुणाचे असते, याचा असा चरचरीत जबाब मला कुठल्या राजकीय ग्रंथात वाचल्याचे आठवत नाही.

मालिकेतील महायुद्धाचा शेवट १९९७ साली दाखवला गेला आणि तो लढाईने होत नाही. नायक-नायिका दोन्ही पुरातन जमातींना समोरासमोर उभे करून सांगतात की आम्हाला तुमच्यापैकी कुणाचीच बाजू घ्यायची नाही, आता तुम्ही जावे. दोन्ही जमाती रुसलेल्या आईबापांसारख्या निघून जातात. पुतण्याला तो शेवट फार आवडला. मला थोडा सोपा वाटला. मालक एवढ्या सहजी जात नसतात, हे दीडशे वर्षे परकीय राज्य पाहिलेल्या समाजाला ठाऊक आहे.

याच काळातील 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन' या मालिकेत मला अधिक नाजूक हाताळणी दिसली. दीर्घ परकीय अंमलातून नुकताच सुटलेला बजोर नावाचा धर्मनिष्ठ समाज आहे. ते ज्यांना 'प्रॉफेट्स' म्हणून भजतात, त्यांना बाहेरून आलेले अधिकारी अंतराळातील एका विवरात राहणारे परग्रहवासी म्हणतात. १९९३ च्या एका भागात शाळेतील बाई मुलांना त्या विवराविषयी आणि त्यातील परग्रहवासीयांविषयी शास्त्रीय माहिती शिकवतात आणि एक धर्मगुरू त्याला हरकत घेते. ती धर्मगुरू सत्तालोलुप आहे, हे कथाकार लपवत नाही. परंतु स्थानकाच्या प्रमुखाचा मुलगा जेव्हा ही श्रद्धा म्हणजे मूर्खपणा आहे असे म्हणतो, तेव्हा बाप त्याला तिथेच थांबवतो. परवशतेच्या काळात या श्रद्धेनेच हा समाज तगून राहिला, हे तो मुलाला समजावतो. आपल्याकडील पुरोगामी मंडळींनी हा भाग अवश्य पाहावा. आणि आपणही पाहावा, कारण त्याच प्रमुखाला पुढे कळते की त्याचा जन्मच या देवतुल्य जमातीने घडवून आणला होता, त्याच्या आईच्या इच्छेचा विचार न करता. भक्तांना तो देवाचा दूत वाटतो. त्याला स्वतःला काय वाटत असेल?

जाता जाता 'स्टारगेट' या मालिकेचा उल्लेख करतो. तीत इजिप्तच्या देवांची सोंगे घेतलेले परजीवी माणसांना गुलाम करतात, आणि त्यांच्या रांगेत 'निर्ऋती'लाही बसवले आहे. काही मित्रांनी याबद्दल संताप व्यक्त केला. मला तेवढा राग आला नाही. निर्ऋती ही ऋग्वेदातही विनाशाचीच शक्ती आहे, कथाकारांनी निदान कोश तरी उघडला म्हणायचा. त्यात लक्षात राहतो तो टील्क हा कपाळावर मालकाची मुद्रा असलेला सेनानी. आपला देव हा देव नाही, हे ओळखून तो शस्त्र फिरवतो आणि मुद्रा मात्र पुढेही कपाळावर वागवतो.

या सर्व कथांत मला एक उणीव जाणवते. त्यांचा 'देव' वयाने जुना आणि ताकदीने मोठा असतो, एवढेच. देवत्व म्हणजे प्रचंड सामर्थ्य, हे त्यांचे समीकरण. म्हणूनच त्यांच्या नायकाला एक तर गुमास्ता व्हावे लागते किंवा बंडखोर. आपल्याकडे रावणापाशीही विमान होते आणि अपार सामर्थ्य होते, कुणी त्याला देव म्हटले नाही. भगवंतांनी अर्जुनाला निमित्त हो म्हणून सांगितले, हे आपण नेहमी सांगतो. परंतु अठराव्या अध्यायाच्या अखेरीस, सारे सांगून झाल्यावर, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर, असेही त्यांनीच सांगितले. मॉर्डनचे मालक असे कधी म्हणाले नसते. मनात प्रतिमा पेरून ठेवणारे व्हॉर्लनही म्हणाले नसते.

आणि आपल्या संतांच्या घरी तर हिशेब पार उलटाच झाला. पंढरीचा राणा जनाबाईच्या जात्याला हात लावतो. पैठणला नाथांच्या वाड्यात तो श्रीखंड्या होऊन वर्षानुवर्षे पाणी भरतो, चंदन उगाळतो. ज्याने मालक व्हायचे तोच गडी झाला, आणि तेही कुणाला कळू न देता. कुठल्याही विज्ञानकथेतील पुरातन जमातीला ही कल्पना सुचलेली मला दिसली नाही. पुतण्याला हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "काका, हा एपिसोड त्यांनी करायला हवा होता."

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या रांगेत तो आठवीतला मुलगा मला पुन्हा भेटला. मी त्याला अजिंठ्याच्या अपुऱ्या लेण्याबद्दल आणि त्या ताम्रपटाबद्दल सांगितले. विमानातले देव खाली पाहून थक्क झाले, हे ऐकून त्याचे डोळे चमकले. हातातले पोहे तसेच ठेवून त्याने विचारले, "मग तो कारागीर कोण होता? त्याचं नाव काय?" नाव ताम्रपटात नाही, हे मला त्याला सांगावे लागले. तो जरा हिरमुसला. मग म्हणाला की दिवाळीच्या सुट्टीत वडिलांना सांगून वेरूळला जाणार आहे, छिन्नीच्या खुणा पाहायला.